हात टेकायचा नाही

रेघ उमटलीच नाही. पेन माझ्या हातात होतं, हात त्या काळ्या पाटीवर होता, समोर लॅपटॉपच्या पांढऱ्या पानावर एक बारीकसा बाण माझ्या हाताबरोबर इकडून तिकडं सरकत होता, म्हणजे यंत्राला माझा हात दिसत होता, पण पान कोरंच्या कोरं. मी कपाळाचा उतार काढला, भुवई काढली, नाकाची कड काढली. मनात सगळं जागच्या जागी पडत होतं आणि पानावर काही नव्हतं. फुप्फुसं गेली हे ठाऊक होतं, आता बोटंही गेली की काय. फोनवर आमची लेक सौम्या होती, बेंगळूरहून. हे ड्रॉइंगचं टॅबलेट आणि आपला जुना लॅपटॉप तिनंच कुरियरनं पाठवलेला. "आप्पा, आलं काय?" "न्हाय येत. बिघडलंय तुझं यंत्र." "पेन टेकवलंय काय पाटीवर?" मी हाताकडं बघितलं. पेनाचं टोक पाटीपासून नखभर वर होतं, आणि तेवढ्या उंचीवरनं मी अख्खा चेहरा काढून मोकळा झालो होतो. सौम्या हसली. मला हसू आलं नाही. "टेकवा की आप्पा. आणि दाबा जरा. जेवढं दाबाल तेवढी रेघ जाड येती." मी बरं म्हणून फोन ठेवला.

दाबा म्हणे. ज्या हाताला जन्मभर टेकायची बंदी, त्याला आता दाबायला सांगायचं. येळ्ळूरला देवळाच्या आवारात जोतिबा मास्तरांनी मला रांगोळी शिकवली. ठिपक्यांची नव्हे, माणसांच्या चेहऱ्यांची. फोटो समोर ठेवून जमिनीवर हुबेहूब माणूस उतरवायची. मास्तरांच्या हातात फूटपट्टी असायची आणि माझी करंगळी जमिनीला नुसती लागली तरी ती मनगटावर बसायची. "रांगोळी सोडायची असती परशराम. ठेवायची नसती." अंगठा आणि पहिलं बोट, मधे चिमूट. सैल केली की सावली पडते, आवळली की रेघ. हात टेकला की खालचं केलेलं फिसकटलं, मग गालावर तुझी करंगळी कायमची, असं म्हणायचे. असा अधांतरी हात धरून मी मोठा झालो. तो हात मला जेवतानाही सोडत नाही. जया, माझी बायको, लग्न झालं तेव्हापासून म्हणते, "घास घेताय का चिमूट?" आता या वयात मी तो हात खाली आणायचा, तेही एका प्लॅस्टिकच्या पाटीवर, जिच्यावर काही दिसत नाही. पेन टेकवलं. आवाज झाला, टिक्. पानावर एक काळा ठिपका उमटला. माझं मनगट लगेच वर आलं, मास्तर जाऊन जमाना झाला तरी. मी पेन ठेवलं आणि आत जाऊन आडवा झालो.

डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं होतं, धुळीचं सगळं काम बंद. उद्यमबागेत एका फौंड्रीत मी साचे भरायचो. ओतकामाची काळी बारीक वाळू, ती नाकात, कानात, डब्यातल्या भाजीत. ती नोकरी सुटणार हे मला कळलंच होतं, आणि खरं सांगायचं तर सुटली तेव्हा वाईट वाटलं नाही. मी विचारलं, रांगोळी? तो म्हणाला, ती पण दगडाचीच पूड न्हवं? "अदु बिडरी," असं कानडीत म्हणाला, तेही सोडा, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पोटासाठी गिळलेली धूळ आणि जिवासाठी हाताळलेली धूळ, दोन्ही त्यानं एका पिशवीत घालून गाठ मारली. माझा असा संताप झाला की जिन्यावरच खोकला लागला, आणि खोकला लागला म्हटल्यावर डॉक्टर बरोबर ठरला. त्या दिवसापासून मी टिळकवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसून असतो. कुठं लग्नाला गेलो तर आधी फरशी बघतो. मोठी, काळसर, गुळगुळीत फरशी दिसली की तिथं कुणाचं तरी कपाळ दिसायला लागतं, आणि मग लोक अक्षता टाकतात आणि त्या कपाळावर उभे राहतात. फौंड्रीत मला परशा म्हणायचे. दिवाळीच्या प्रदर्शनात लोक दोरीपलीकडं रांगेत उभे राहायचे, पोरांना उचलून दाखवायचे, कुणीतरी हळूच म्हणायचं, डोळे बघ, जिवंत हाईत. ते चार दिवस मी माणूस असायचो. ते काढून घेतल्यावर काय उरलं? एक खोकणारा म्हातारा, त्याला जिना चढताना मधे थांबावं लागतं. मला जगायचा कंटाळा आला होता असं नाही. जगून करायचं काय हेच कळेनासं झालं होतं.

म्हणून त्या टॅबलेटला दोन-चार वेळा हात लावून मी ते कपाटात कपड्यांखाली सारलं आणि जयाला म्हटलं, सौम्याला सांग, परत घेऊन जा म्हणावं. जया गॅलरीत मिरच्यांची देठं काढत बसली होती. माझ्या खोकल्यामुळं मिरच्यांचं सगळं काम ती दार लावून बाहेर करते. मी दाराच्या फटीतून बोलत होतो. "परत जायचं न्हाय ते," ती म्हणाली. "मीच मागवून घेतलंय." "तुला काय करायचंय?" तिनं वर बघितलं नाही. "तुम्ही गेल्यावर माझ्याजवळ तुमच्या हातचं काय राहणार? एक रेघ तरी हाय काय ह्या घरात?" मी म्हटलं, फोटो हाईत की. "फोटो लोकांच्या मोबाईलात हाईत. आणि ते सगळे लोकांच्या तोंडांचे. मला माझं तोंड पायजे. तुमच्या हातनं." मग म्हणाली, "हात हाय तवर." आणि दुसरी मिरची घेतली.

तुम्ही गेल्यावर. हे एवढे दिवस कुणी बोललं नव्हतं. डॉक्टर म्हणतो काळजी घ्या, सौम्या म्हणते व्हाल बरे, शेजारी म्हणतात हवा बदलली की बरं वाटंल. जयानं ते मिरचीचं देठ खुडावं तसं खुडून बाजूला ठेवलं. ती निपाणीची. तिची आई तंबाखूच्या वखारीत राबली, आणि घरी येऊन रात्रभर खोकायची. कुठला खोकला जातो आणि कुठला माणसाला घेऊन जातो, हे जयाला लहानपणापासून कानानं कळतं. म्हणजे ती रोज माझ्या शेजारी पडून ते ऐकत होती, आणि मी समजत होतो की ती झोपलीय. मला तिचा राग आला. मग आठवलं, लग्नानंतरची पहिली दिवाळी. मी प्रदर्शनासाठी रंग चाळत होतो आणि नवी नवरी म्हणाली होती, "माझं काढा की एकदा." मी हसलो होतो. मास्तरांचा नियम होता, चेहऱ्याची रांगोळी दुसऱ्याच्या पायाखाली जाऊ द्यायची नाही, ज्यानं काढली त्यानंच शेवटच्या दिवशी ती झाडायची, आणि म्हणून घरचं माणूस जमिनीवर काढायचंच नाही. बायकोच्या तोंडावरनं केरसुणी कोण फिरवणार? मी तिला हे सांगितलं, वर थोडा भावही खाल्ला असेन. ती म्हणाली, "मग झाडू नका." मी म्हटलं, झाडावीच लागती गं. ती उंबऱ्यासमोर आपली गोपद्मं काढून आत गेली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही, आणि मला वाटलं, पटलं असेल. इतक्या पुढाऱ्यांची, संतांची, नटांची तोंडं मी काढली आणि झाडली, प्रत्येक दिवाळीला जया डबा घेऊन यायची, दोरीपलीकडं उभी राहून बघायची आणि छान झालंय म्हणायची. ते म्हणताना तिला काय वाटत होतं, हे मला आज कळत होतं, आणि आज कळून त्याचा उपयोग एवढाच होता की घाई करायला पाहिजे होती.

मग कपाटातनं ते काढलं आणि बसलो. पहिल्यांदा हाताला शिकवावं लागलं की टेक. टेकला तरी दाबेना, दाबला तर एवढा दाबायचा की दोरीसारखी जाड काळी रेघ. त्यात आणखी एक भानगड. हात इथं खाली आणि रेघ तिथं समोर. रांगोळीत जिथं बोटं तिथं डोळे, चिमटीतनं कण सुटताना दिसतो. इथं मी समोर बघायचं आणि खाली माझा हात आंधळ्यासारखा चाचपडत फिरायचा. त्याच्याकडं बघितलं तर समोर काय चाललंय ते कळेना. सौम्यानं लांबूनच काहीतरी सेटिंग करून दिलं होतं, हात थरथरला तरी रेघ सरळ यावी म्हणून. ती सरळ यायचीच, गुळगुळीत, शाळेच्या पुस्तकातल्या चित्रासारखी. मी काढलीय असं कुठंच वाटायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती दोन बटणं, जी दाबली की शेवटची रेघ गायब. चुकलं की दाबायचं. रांगोळीत चूक झाली तर तिच्याशीच जमवून घ्यावं लागतं, वरनं सावली सोडून ती गालात जिरवावी लागते. इथं मी सकाळी बसायचो, हनुवटी काढायचो, घालवायचो, पुन्हा काढायचो, पुन्हा घालवायचो, आणि दुपारी जेवायला उठताना पान सकाळी होतं तितकंच कोरं. सकाळ गेली त्याची खूणसुद्धा नाही. माझ्याजवळ किती सकाळी आहेत? एकदा मी पाटीवर थाड्दिशी हात आपटला. जया आली, गरम पाण्याचा पेला ठेवला, पडद्याकडं एक नजर टाकली, पान कोरं आहे बघितलं आणि गेली. ती काही बोलली असती तर भांडता आलं असतं. मी ते पाणी तसंच गार होऊ दिलं.

रविवारी दुपारी ती इरकल नेसून, केस विंचरून खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसली. मला म्हणाली, "काढा." मी म्हटलं, मोबाईलवर एक फोटो घेतो, त्यावर चौकोन पाडतो, मग काढतो. माझी पद्धतच ती. फोटोवर चौकोन, जमिनीवर दोऱ्यानं चौकोन, मग एकेक चौकोन भरत जायचा. त्यात माणूस बघायचाच नसतो. आठवा चौकोन, अर्धा काळा, कोपऱ्यात उजेड, एवढंच बघायचं. सगळे भरले की माणूस आपोआप येऊन बसतो. "फोटो नको," जया म्हणाली. "मी बसलेय न्हवं." बसली होती, पण फोटोसारखी बसली नव्हती. श्वास घेत होती, गळ्याशी शिर हलत होती, बाहेर रिक्षा थांबली की तिचं अर्धं लक्ष तिकडं जायचं आणि सगळा चेहरा बदलायचा. चौकोन कुठं पाडू? आणि मला जाणवलं की मला हिचा चेहरा येत नाही. ज्या माणसांना मी कधी बघितलं नाही त्यांच्या मिशीचा केस न् केस मला पाठ आहे, आणि इतकी वर्षं शेजारी असलेल्या बाईची भुवई कमानदार की सरळ, हे मला बघून ठरवावं लागत होतं. तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा लहान आहे. मी चपापलो. "हे कधीपासनं?" "काय?" "हा डोळा बारीक." "जन्मापासनं," ती म्हणाली. मी मान खाली घालून पेन टेकवलं.

जमत नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं की ती माझ्याकडं बघत असायची, आणि तिच्या बघण्यात माझा चेहरा नव्हता, माझी छाती होती. ती किती वर-खाली होतेय ते ती मोजत होती. अशा नजरेचे डोळे कसे काढायचे? काढायचो, एक कुणीतरी परकी बाई पानावर येऊन बसायची, ती दोन बटणं दाबून मी तिला घालवायचो. पंखा फिरत होता. हळूहळू जयाची मान कलली. पहाटेपासून ती उभीच होती, तिला डुलकी लागली. तोंड जरासं उघडं, कपाळावरची आठी सुटलेली, सगळा चेहरा थांबला. आणि माझा हात चालायला लागला. गाल उतरला, हनुवटी उतरली, नाकाच्या शेंड्याचा तो किंचित चपटेपणा उतरला, कानामागं पांढरे झालेले केस. दाब कमी केला की सावली येते आणि वाढवला की रेघ, हे हाताला आपलं आपण कळलं. चिमटीचाच न्याय तो, फक्त हात टेकून. मी श्वास घ्यायचा विसरत होतो. पानावर जया होती. आली, आली, असं मला ओरडावंसं वाटलं. मग मी जरा मागं सरकून बघितलं. मिटलेले डोळे, सैल तोंड, न हलणारं कपाळ. असा चेहरा मी आयुष्यात ज्या ज्या वेळी बघितला, त्या त्या वेळी तो जमिनीवर होता, दक्षिणेकडं पाय करून, तोंडात तुळशीचं पान. मला थांबलेलंच माणूस काढता येतं. दुसरं काही मी कधी शिकलोच नाही. ती जागी व्हायच्या आत घालवून टाकावं म्हणून मी बटणांकडं हात नेला, आणि ती जागी झाली.

ती उठून माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिच्या साडीला रिठ्याचा वास येत होता. "मीच हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण मी गेल्यागत दिसतेय." मी म्हटलं, झोपलीवतीस. "मला झोपलेली न्हाय पायजे. तुमच्याकडं बघताना पायजे." मी म्हटलं, जया, मला न्हाय येत गं ते. खरंच न्हाय येत. "पुसा तेवढे डोळे," ती म्हणाली, "आणि परत काढा." मी पापण्या पुसल्या. दोन पांढऱ्या खोबण्या राहिल्या. डाव्या भुवईखाली पेन टेकवलं आणि तेवढ्यात खोकला आला. साधा नव्हे, तो आतला, जो आला की मला मी सापडत नाही. एक हात छातीवर, दुसरा पेनासकट पाटीवर, आणि सगळ्या अंगाचा भार त्याच हातावर. कानात शिटी वाजत होती. जया पाठ चोळत होती, श्वासाचा पंप तोंडाला लावत होती, "हळू, हळू घ्या," म्हणत होती. श्वास परत आला तेव्हा डोळ्यांसमोरचं आधी धूसर होतं. मग स्वच्छ झालं आणि दिसलं, की भुवईपासून एक काळी रेघ निघून, नाकावरनं आडवी, गाल कापून पार कानाच्या पाळीपर्यंत गेली होती. सुरुवातीला जाड, मधे थरथरून वेडीवाकडी, शेवटाला केसासारखी बारीक. सौम्याच्या सेटिंगला ती सरळ करता आली नव्हती.

मी बटणांकडं हात नेला. जयानं माझं मनगट धरलं. "असू द्या." "अगं, नाकावरनं गेलीय." "माझ्याच नाकावरनं गेलीय न्हवं," ती म्हणाली. मी हात सोडवायला बघितला, तिनं सोडला नाही. सगळं चित्र नासलंय, दोन बटणांचं काम हाय, असं मी म्हणत राहिलो, आणि ती पडद्याकडं बघत राहिली, पहिल्यांदाच नीट, डोळे बारीक करून, दोरीपलीकडं उभी राहून कधी बघितलं नव्हतं तसं. "बाकी सगळं कुणीबी काढलेलं वाटतंय," ती म्हणाली. "ही तेवढी तुमची वाटती." मला रडू आलं. लाज वाटली, पण थांबवता येईना, आणि रडायलाही श्वास लागतो. तिनं मला रडू दिलं. पेला पुढं केला, मी दोन घोट घेतले, ती रेघ तिथंच होती.

मग ती पदर सारखा करून पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. "आता डोळे काढा," म्हणाली, "मी उघडे ठेवते. मला झोप येऊ देऊ नका." आणि तिनं माझ्याकडं बघायला सुरुवात केली. छातीकडं नव्हे, तोंडाकडं. खाली रिक्षा थांबली, कुणीतरी कुणाला हाक मारली, तिनं लक्ष हलवलं नाही. मी पेन उचललं. ती पापणी लववीना. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं, मग ते गालावरनं खाली आलं, तरी ती पापणी लववीना, आणि मी अजून पहिली रेघ कुठं टेकवायची तेच शोधत होतो.